नागिणीचं शेपूट

दत्तप्रसाद घैसासांची हयात बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्त करण्यात गेली. आता रेडिओ नाहीत, काकू नाहीत, शेजारच्या खोलीत मी आहे. मी परभणीचा, म्हणून ते मला ‘परभणी’ म्हणतात. नाव सांगितलं तेव्हा ‘असू दे’ म्हणाले होते.

एका सकाळी त्यांनी दार वाजवलं. डाव्या बरगडीखाली आग होत होती आणि फोडांचा पट्टा पाठीकडे गेला होता. नागीण. तिचं तोंड आणि शेपूट अंगाभोवती भेटलं की माणूस संपला, असं आपल्याकडे म्हणतात. तोंड काकांना दिसत होतं. शेपूट पाठीवर, आणि पाठ बघायला घरात कोणी नाही. आरशासमोर वळून वळून मान तेवढी आखडली होती.

“माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही,” सदरा वर करत ते म्हणाले. “पण कुठवर आलीय ते बघ.”

मणक्यापाशी थांबलीय, म्हणालो.

“थांबलीय की निघालीय?”

त्यांना शनिवार पेठेतल्या डॉक्टर श्रद्धांकडे नेलं. त्यांनी सांगितलं, लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मणक्याजवळच्या नसेत दडून राहतो. रक्तातल्या टी पेशी त्याच्यावर पहारा ठेवतात. पण वयाबरोबर पहारा ढिला पडतो, आणि छातीतल्या ज्या ग्रंथीत नव्या टी पेशी तयार होतात तीही आक्रसत जाते.

“नवी भरती बंद, जुने दमलेले,” काका म्हणाले. “सरकारी खातंच की.”

बाई हसल्या नाहीत. त्याही पुण्याच्याच.

मग काकांनी माझ्याकडे बोट केलं. “या मुलाला एक शंका आहे. गावाकडचा आहे, समजून घ्या. तोंड आणि शेपूट भेटलं तर?”

नागीण मणक्याच्या एकाच बाजूच्या नसेवरून पसरते, सहसा पलीकडे जात नाही, आणि गेली तरी तेवढ्यानं कोणी मरत नाही, असं बाईंनी मला नीट समजावलं.

“समजलं?” काकांनी मला विचारलं.

गोळ्या सुरू झाल्या. तरी रोज सकाळी दार वाजायचं, सदरा वर व्हायचा. मी बघायचो, मलम लावायचो. पाठीला मलम लागताना काका कुणालाच टोमणा मारायचे नाहीत.

मग खपल्या गळल्या, डाग तेवढे उरले.

“गेली, काका. आता बघण्यासारखं काही नाही.”

त्यांनी सदरा खाली केला नाही. भिंतीकडे तोंड करून तसेच उभे राहिले.

“नीट बघितलंस?”

मी पुन्हा वाकलो आणि सावकाश बघितलं.