ओळीच्या मध्यावरचा थांबा

गिल्बर्ट पाद्री आमच्या कॅथेड्रलचा सबचँटर, म्हणजे गाण्यातला दुय्यम. मुख्य गायक एडिंबरात राजाच्या पंगतीला जेवायचा, आणि इथे घसाफोड करायचा हा! मान त्याला, कामं ह्याला. गायक दोन बाजूंना समोरासमोर उभे राहत. स्तोत्राची एक ओळ डावीकडून, दुसरी उजवीकडून. आणि प्रत्येक ओळीच्या मध्यावर गिल्बर्ट हात उचलून सगळ्यांना श्वासभर गप्प करायचा. कुणी घाई केली की डोळे वटारायचा.

मी मासळीवाली, तोंडाची फटकळ. भर बाजारात विचारायची, "पाद्रीबाबा, मधेच पुढचं विसरता की काय?"

"गप्प राहिल्याशिवाय ऐकू कसं येणार, मर्जरी?" असं म्हणून तो मी सांगेन त्या भावाला मासळी घेऊन जायचा. अगदीच भोळासांब.

एका दुपारी समुद्रावरून असं धुकं आलं की स्वतःचा हात दिसेना. माझा नवरा मॅग्नस इतर कोळ्यांबरोबर होडीत होता. सकाळी मीच त्याला आम्हा कोळणींच्या रीतीप्रमाणे पाठीवर घेऊन होडीत सोडलं होतं, बूट भिजू नयेत म्हणून. कॅथेड्रलची घंटा वाजत होती. पण घंटा गाव कुठे ते सांगते, बंदराच्या तोंडावरच्या दोन खडकांमधली वाट नाही सांगत. मी तडक कॅथेड्रलात घुसले. प्रार्थना चालू होती, तरी ओरडले, "होडी खडकावर फुटेल हो! कुणीतरी काहीतरी करा!"

गिल्बर्टने आधी डाव्या गायकांकडे पाहिलं, मग उजव्यांकडे. त्याचे डोळे लकाकले. "चला बाहेर! डावे उत्तरेच्या खडकावर, उजवे दक्षिणेच्या!"

कॅथेड्रलचा मुख्य पाद्री, डीन, ताडकन उठला. "प्रार्थना अर्धी टाकून? गेलास तर रविवारी सगळ्यांसमोर तुला काढून टाकीन!"

"मग रविवारपर्यंत मी आहेच," असं म्हणत साठीचा तो माणूस झगा खोचून पळत सुटला!

खडकावर मी त्याच्या शेजारी उभी राहिले. आमच्याकडून एक ओळ गेली, धुक्यातून पलीकडची आली. कुणी कुणाला दिसत नव्हतं, पण एकही ओळ चुकली नाही. मध्यावर थांबा आला तशी मी त्याची बाही ओढली. "अहो, गा ना!"

त्याने ओठावर बोट ठेवलं. आणि त्या शांततेत, लांबून आवाज आला.

"हो-ओ! कुठे?"

माझा मॅग्नस! "मधून ये!" मी किंचाळले. "दोन्ही गाण्यांच्या मधून ये रे, मेल्या!"

दर थांब्याला त्याची हाक जवळ येत गेली. मग वल्ह्यांचा आवाज आला, मग होडीचं नाक दिसलं. मी कमरेएवढ्या पाण्यात शिरून नवऱ्याला पाठीवर घेतलं आणि हसता हसता रडले.

रविवारी डीन सगळ्यांसमोर उभा राहिला. गिल्बर्टचं हे शेवटचं स्तोत्र, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पहिली ओळ मध्यावर आली, त्याने हात उचलला, आणि सगळे गप्प झाले.

"हो-ओ!" मागून मॅग्नसने हाक दिली.

मग होडीतल्या सगळ्यांनी दिली. मग मी, माझ्या सासूने, अख्ख्या कोळीवस्तीने. डीनने बोलायला तोंड उघडलं, आमच्याकडे पाहिलं आणि खाली बसला.

गिल्बर्टने ओठावर बोट ठेवलं. आम्ही गप्प झालो, आणि त्याने उरलेली ओळ उचलली.