माळवदावरचं कढत पाणी

सोलापुरात उन्हाला तोटा नाही. मार्च लागला की दुपारी नळाचं पहिलं तांब्याभर पाणी हात भाजेल असं येतं. आणि त्याच गावात, शुक्रवार पेठेतल्या माझ्या सासरी, मी सात वर्षं रोज पहाटे धुरात डोळे फोडून पाणी तापवत होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. पण राग आजही ताजा आहे.

रॉकेल रांगेत उभं राहून मिळायचं, म्हणून बंबात शेंगांची टरफलं आणि तुरकाट्या. बंब सुनेनंच पेटवायचा. एक बादली काढली की एक गार बादली आत ओतायची, आणि सगळ्यांचं उरकल्यावर शेवटी आपण अंघोळ करायची. तोवर टरफलं विझलेली असायची आणि पाणी जेमतेम कोमट. धुरानं मला खोकला जडला तो हटेना. डॉक्टरांनी दोनदा बजावलं की धूर सोडा, नाहीतर छातीचं दुखणं जन्माला पुरेल. घरी सांगितलं, तर मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले की त्यांच्या आईनंही जन्मभर बंबच पेटवला. त्या कशानं गेल्या हे विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

नवरा कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात, रविवारपुरता घरी यायचा. त्याचं एकच पालुपद, वडिलांना दुखवू नकोस. माझी छाती दुखली तर चालत होतं.

मग मीच कंबर कसली. पत्रेवाल्याकडून तेलाचे रिकामे डबे कापून एक चपटी पेटी करून घेतली. तिच्याखाली टरफलांचं जाड अंथरूण घातलं, वर फ्रेमवाल्याकडची काच बसवली. काळा रंग हवा होता, तर बंबाच्या नळीतली काजळी खरवडून जवसाच्या तेलात कालवली आणि पत्र्याला फासली. दीर म्हणाला, वहिनी चटणीचं तेल पत्र्याला पाजायला लागल्या. म्हटलं, पाजू दे. घराच्या सपाट छतावर, माळवदावर, कुरडया वाळायच्या तिथंच पाणी भरून पेटी उन्हाकडे कलती ठेवली. दोन वाजता तिच्यातलं पाणी बोट बुडवेना इतकं कढत झालं होतं.

मी जिंकले असं मला वाटलं. पण मामांची अंघोळ सकाळी सहाला, आणि ऊन काही त्यांच्यासाठी सहाला तापणार नव्हतं. दुपारचं पाणी गोधडीत गुंडाळून ठेवते म्हटलं, तर शिळ्या पाण्यानं पूजेची अंघोळ होत नाही म्हणाले. तेव्हा मात्र माझी सटकली. उद्यापासून बंब पेटवणार नाही, आणि माझी अंघोळ दुपारी माझ्या पाण्यानं, असं मी तोंडावर सांगून टाकलं.

मामा चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "कर की. पन लिंगपूजा झाल्याबिगर ह्या घरात कुनी घास घेत न्हाय, येवढं ध्यानात ठिव."

आमचं घर लिंगायत. अंघोळीशिवाय गळ्यातल्या लिंगाची पूजा नाही, आणि पूजेशिवाय जेवण नाही. चार दिवसांत भूक मला ओढत बंबापाशी आणेल, असा त्यांचा अंदाज. पण मी अक्कलकोटकडची. नेम मोडून भांडणारे पुष्कळ असतात, मी नेम पाळून भांडले. सकाळी धुणं, भांडी, झाडलोट उपाशीपोटी करायची. स्वयंपाकघरातून गरम भाकरीचा वास आला की पोटात खड्डा पडायचा. दोनला अंघोळ, मग पूजा, मग जेवण. आभाळ आलं त्या दिवशी गार पाणी अंगावर घेतलं, बंबाचं घेतलं नाही. महिन्याभरात खोकला निम्म्यावर आला.

एक गोष्ट मात्र मला डाचत होती. बंब आता आत्या पेटवत होत्या. आत्या म्हणजे सासूबाई. माझी सुटका त्यांच्या जिवावर झाली होती.

एका दुपारी त्या जिना चढून वर आल्या. पेटीपाशी बसल्या, बादलीत काढलेल्या पाण्यात हात घातला आणि पटकन मागे घेतला. मग म्हणाल्या, "बाळंतपनं सोडली तर ह्या घरात गरम पानी माज्या अंगावर कदी पडलं न्हाय." स्वयंपाकघरात शिरायला अंघोळ लागायची आणि बंब तापायच्या आत चूल पेटवावी लागायची, म्हणून त्या लग्नापासून पहाटे गार पाण्यानंच अंघोळ करत आल्या होत्या. सात वर्षं मी शेजारी बंब फुंकत होते आणि हे मला दिसलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

"उद्याच्याला माज्याबी वाटनीचं तापंल का?" त्यांनी विचारलं.

तापेल म्हटलं, पण मग स्वयंपाकाचं काय?

"अंघुळीबिगर चुलीला हात कसा लावू?" आत्या म्हणाल्या. "दुपारी करू की."

दुसऱ्या दिवशी मामांनी खोकत खोकत स्वतः बंब पेटवला, अंघोळ केली, सात वाजता पूजा आटोपली आणि जेवायच्या जागी जाऊन बसले. चूल अडीचला पेटली.