मसाल्याच्या डब्याचं टेंडर

गुणवंतराव चिंचोरे अडतीस वर्षं केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात खरेदी विभागात होते. रिटायर होऊन गाझियाबादेत, वैशालीच्या फ्लॅटमध्ये येऊन तीन वर्षं झाली, तरी तीन ठेल्यांवर भाव विचारल्याशिवाय त्यांनी कधी दुधीला हात लावला नाही. माणूस सरळ. कुणाचं वाईट चिंतणारा नव्हे. फक्त मेहुणीचं नाव निघालं की त्यांच्या कपाळावर आठी चढायची.

प्रभावती म्हणजे त्यांच्या बायकोची, अलकनंदाबाईंची जुळी बहीण. नऊ मिनिटांनी मोठी. राहायची करोल बागेत. रोज अकराच्या ठोक्याला तिचा फोन यायचा आणि नवऱ्याशी नीट, पुस्तकी वळणाचं बोलणाऱ्या अलकाबाई पदराला हात पुसत एकदम वर्ध्याच्या होऊन जायच्या.

"काय करून राहिली वं?"

"काई नाही, पोळ्या लाटून राहिली. तुह्या गुडघ्याचं काय?"

मग हसणं. गुणवंतराव पेपर समोर धरून बसायचे. तासाभरात पान उलटायचं नाही. तसं हसणं या घरात त्यांच्यासाठी कधी निघालं नव्हतं. एकदा त्यांनी मुद्दाम म्हणून पाहिलं, "काय करून राहिली?" अलकाबाई म्हणाल्या, "तुमच्या तोंडी नाही शोभत ते." संपलं.

त्यात श्रावणातली ती गोष्ट घडली. दुपारी चारला अलकाबाई बाथरूममध्ये घसरल्या. गुणवंतराव हॉलमध्ये मॅच बघत होते, आवाज मोठा होता. तेवढ्यात प्रभावतीचा फोन आला.

"भाऊजी, अलकी कुठं आहे? माह्या पायात एकदम कळ आली. पाहा बरं जरा तिले."

"बरी आहे ती," गुणवंतराव टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाले.

फोन ठेवला आणि आतून क्षीण आवाज आला, "अहो..."

घोटा महिन्याभरात बरा झाला. गुणवंतरावांचं काही बरं झालं नाही. कारण येणाऱ्या-जाणाऱ्याला अलकाबाई ती हकिगत सांगायच्या आणि शेवटी नवऱ्याकडे वळून म्हणायच्या, "जुळ्यांचं असतं तसं. तुम्हाला नाही कळायचं."

तिसऱ्या पाहुण्यापुढे ते ऐकून गुणवंतराव उठले. पाहुणा गेल्यावर म्हणाले, "सिद्ध करून दाखव."

"काय?"

"हेच. तिला तुझं आतून कळतं म्हणतेस ना? परीक्षा घेऊ. नाही कळलं तर ते वाक्य पुन्हा तोंडातून काढायचं नाही."

अलकाबाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. "कबूल. पण मग कळलं, तर तुम्ही अकरा वाजता पेपर वाचायचं नाटक बंद करायचं."

दुसऱ्या दिवशी फाइल तयार झाली. मिसळणाच्या डब्यात वाट्या सात: मोहरी, जिरं, हळद, तिखट, हिंग, मेथी, धनेपूड. रोज अकराला अलकाबाईंनी एक वाटी मनात धरायची, तिचं नाव चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पाकिटात टाकायची. तिकडे करोल बागेत प्रभावतीनं त्याच वेळी, जे मनात येईल ते लिहायचं. सात दिवस. तेवढे दिवस दोघींनी एकमेकींना फोन करायचा नाही. हे कलम लिहिताना गुणवंतरावांचं अक्षर फार सुरेख आलं.

"पण एकटी प्रभा कशी?" त्यांचंच त्यांच्या लक्षात आलं. "एका कोटेशनवर खरेदी होत नसते. तीन लागतात."

दुसरं कोटेशन खालच्या मजल्यावरच्या महेशचं. तो बँकेत होता, चाळिशीचा. "काका यार, मला कशाला," म्हणत त्यानं तिथंच उभ्याउभ्या सातही चिठ्ठ्या भरून दिल्या. तिसरं कोटेशन कुणाचं, हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही.

तो आठवडा गुणवंतरावांना फार चांगला गेला. अकरा वाजायचे, फोन वाजायचा नाही. अलकाबाई ओट्याशी डोळे मिटून उभ्या राहायच्या, हे बाल्कनीत. स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, हा नियम त्यांनी स्वतःलाही लावला होता. पण भाजी त्यांनीच आणलेली असायची. गुरुवारी तिचा उपास, म्हणजे साबुदाणा, म्हणजे जिरं. शनिवारी वरण उकळत होतं आणि ती नाक ओढत होती, म्हणजे हिंग. त्यांना विचार करावा लागत नव्हता. चौतीस वर्षं तिच्याच हातचं जेवलेला माणूस तो.

रविवारी प्रभावती मेट्रोनं आली. दारातच दोघी बहिणी अशा बिलगल्या, जणू एक तुरुंगातून सुटली होती. गुणवंतरावांनी घसा खाकरला. लाखेनं बंद केलेली पाकिटं टेबलावर मांडली. महेशला फोडायला लावली आणि स्वतः मुद्दाम आणलेल्या बोर्डावर लिहायला उभे राहिले.

महेश, दोन बरोबर.

"तिसरं पाकीट चिंचोरे, जी. व्ही.," महेश वाचू लागला. "मोहरी, बरोबर. हळद, बरोबर. काका, हे तुम्ही..." सातांत पाच.

अलकाबाईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी असं नीट पाहिलं. गुणवंतरावांचे कान तापले.

"आता प्रभाताई," ते म्हणाले. आवाज उगाच मोठा झाला होता.

महेशनं पहिली चिठ्ठी उलगडली. "मेथी." दुसरी. "मेथी." मग बाकीच्या एकदमच उघडून त्यानं पसरल्या. सातही चिठ्ठ्यांवर मेथी. अलकाबाईंनी मेथी एकदाही धरली नव्हती.

"शून्य," गुणवंतरावांनी बोर्डावर लिहिलं आणि शून्याखाली रेघ मारली. "आतून कळतं म्हणे. अहो प्रभाताई, निदान वाट्या तरी बदलायच्या."

प्रभावती हसली नाही. बहिणीकडे बघत म्हणाली, "सांगतलं नाहीस त्यांले अजून?"

"प्रभे, गप."

"गप काहून? आठ दिवस फोन बंद करून ठेवला यांनी. अकरा वाजले की माह्या डोक्यात एकच. अलकीनं आज मेथी खाल्ली का नाही. दुसरं सुचलंच नाही तर लिहू काय?"

महेशनं चिठ्ठ्या गोळा करायला घेतल्या.

"शुगर निघाली," शेवटी अलकाबाई म्हणाल्या. "जुलैमध्ये. पडद्यांचं कापड बघायला करोल बागेत जातेय म्हटलं ना, तेव्हा तिच्यासोबत तपासून आले. गोळी चालू आहे. वरून रोज भिजवलेली मेथी."

"आणि मला?"

"मागं बीपी निघालं तेव्हा तुम्ही तक्ता करून फ्रिजवर लावला. दूधवाला येता-जाता वाचायचा. 'भाभीजी, आज वरचा जास्त आहे,' म्हणायचा."

गुणवंतराव बोर्डाकडे वळले. पाच बरोबर अजून बोर्डावर होते. ते पुसावेत की राहू द्यावेत, हे कळेना. जिरं, मोहरी, हिंग सगळं त्यांनी ओळखलं होतं आणि जी वाटी ती मनात धरायचं टाळत होती, ती त्यांच्या मनातसुद्धा आली नव्हती.

संध्याकाळी प्रभावती गेल्यावर ते कधी नव्हे ते ओट्याशी गेले. वाटीत चमचाभर मेथी काढली, धुतली, पाणी घातलं, वर झाकणी ठेवली. सकाळी फिरायला निघण्याआधी वाटी बायकोच्या हातात दिली. अलकाबाईंनी तोंड वाकडं करत मेथी चावली. "पाणी जरा जास्त झालं," म्हणाल्या. पण वाटी रिकामी केली.

अकरा वाजता फोन वाजला. अलकाबाई ओले हात पुसेपर्यंत गुणवंतरावांनी तो उचलला होता.

"खाल्ली तिनं मेथी," ते म्हणाले. "मीच भिजवली होती."

"ठाऊक आहे, भाऊजी," प्रभावती म्हणाली. "तुम्ही फिरायला गेले ना, तव्हाच बोललो आम्ही. ते आठ दिवस सोडले तर रोजच बोलतो त्या टायमाले. द्या बरं तिले."

गुणवंतरावांनी फोन बायकोच्या हातात दिला, पेपर उचलला आणि उद्यापासून फिरायला संध्याकाळी जायचं ठरवलं.