मानेतला दाणा

कळमनुरीला जनावरांच्या एका डॉक्टरांकडं मी मलमपट्टीचं काम करायचो. मोबाइल तेव्हा नुकतेच आले होते. एका बाजाराच्या दिवशी तांड्यावरचा एक म्हातारा भारी जातीचं कुत्रं दोरीला धरून आला. चोरलेलंच असणार, याबद्दल मला शंका नव्हती.

"रोडवर घावलं," तो म्हणाला. "याच्या मानेत हाताला दाणा लागून राहिला. त्यात मालकाचा पत्ता असते म्हनतेत. वाचा बरं."

मी चाचपून पाहिलं. मालकाची ओळख पटावी म्हणून कातडीखाली बसवतात ती चिपच होती. आता हा ती काढून टाकायला सांगेल, म्हणून मी वाट पाहिली. तो नुसता कुत्र्याच्या कानामागं खाजवत उभा राहिला.

"वाचायचं यंत्र इथं नाही," मी म्हणालो. "कुत्रं ठेवून जा. परभणीला नेऊन मी बघतो."

त्यानं दोरीचा आणखी एक वेढा मनगटाला दिला.

"आमच्या ढोराचा डाग वरून दिसते, साहेब. कोनाचं हाय, समद्यायला कळते. याचा डाग आत हाय. वाचणाराच लबाड निघाला तं?"

कुत्र्याला घेऊन तो परभणीची वाट विचारत निघून गेला.

माझ्या मेव्हण्याला शेताच्या राखणीला असंच कुत्रं हवं होतं. हे मी म्हाताऱ्याला सांगितलं नव्हतं.