दुसऱ्या नंबरची मोटार

माझ्या धाकट्याचा श्वास घशात अडकत होता आणि माझ्या सख्ख्या भावानं हुसेन ड्रायव्हरच्या हातातलं गाडी सुरू करायचं हँडल हिसकावून घेतलं. एस.टी. यायच्या आधीचा अक्कलकोटचा मोटारस्टँड, भर दुपार. कमल आणि नाना, माझ्या दोन्ही लेकरांना घटसर्प झालेला. सोलापूरला डॉक्टरकडे न्यायचं होतं. पहिल्या नंबरच्या गाडीचं चाक पंक्चर म्हणून काढून ठेवलेलं. दुसऱ्या नंबरची, हुसेनची, तयार उभी होती. पण पहिली हलल्याशिवाय दुसरी सोडायची नाही, हा मोटारमालकांच्या संघाचा नियम, आणि संघाचा प्रमुख माझा दादा.

"दादा, पोरं मरतील रं!"

"गंगू, समदे आजारी माणसाचंच निमित्त काढत्यात. तुला सोडलं की उद्या सगळा गाव आजारी पडंल."

"मालक, तुमचीच भाचरं हायत की," हुसेन म्हणाला.

"म्हणून तर न्हाय सोडत."

दादा गेल्या महिन्यात गेला. शोकसभेत सगळे म्हणाले, त्यानं मोटारधंद्याला शिस्त लावली. लावली, नाही कशाला म्हणू? आधी मोटारवाले स्टँडवर बायकांना हाताला धरून आपापल्या गाडीकडं ओढत, भाडं एकमेकांपेक्षा खाली आणत आणि गुळगुळीत टायरवर शर्यती लावत. एक गाडी ओढ्यात गेली, दादाच्या डोळ्यांदेखत माणसं मेली. त्यातून संघ निघाला. शर्यती थांबल्या. नंबर मोडायला एकानं धडधाकट बाई घोंगडीत गुंडाळून रोगी म्हणून बसवली होती, तेही खरं. आणि भाडं दरसाल चढत गेलं, तेही खरं. ते नको म्हणून चढायला संघाबाहेरची गाडी होतीच कुठं?

पुढं जन्मभर आमचं हेच भांडण. जुळे सोलापुरात त्याच्या फ्लॅटवर शेवटची गेले तेव्हाही त्याच्या हातात पेपर होता. मक्तेदारी मोडणाऱ्या कायद्यानं गिऱ्हाइकाचं भलं होतं की नुकसान, यावर कुणा प्राध्यापकानं लिहिलेलं.

"बघ, ह्यो बी म्हणतोय, नुकसानच. धंदेवाले एक झाले तर धंदा टिकतो. मग गिऱ्हाइकाला गाडी मिळती."

"मला कुटं मिळाली?"

तो चष्मा पुसत म्हणाला, "वड्यातली माणसं तू न्हाय बघितलीस."

नाही बघितली. पण शर्यतीच्या दिवसांत एकानं नाही म्हटलं तर मी दुसऱ्याच्या गाडीत चढले असते. सगळी हँडलं एकाच्या हातात गेली आणि तो माणूस चांगला असला, तरी काय उपयोग? दादा चांगला होता. लबाड असता तर बहिणीसाठी त्यानं नियम मोडला असता. मक्तेदारी मोडणारा कायदा हवा तो अशा चांगल्या माणसांसाठीच. शोकसभेत हे कुणी बोललं नाही, म्हणून मी लिहिते.

त्या दिवशी पहिल्या गाडीचं चाक बसलं तेव्हा ऊन कललं होतं. दादा आमच्याबरोबर आला. नाना वाटेत, त्याच्याच मांडीवर गेला. कमल वाचली.