डावीकडे कोणाला बसवू नका

गाडीच्या कंपनीचा फोन आला तेव्हा मी ऐरोलीला ऑफिसात होतो. बाई म्हणाल्या, "सर, तुमच्या मॉडेलच्या गाड्या आम्ही परत बोलावतोय. डावीकडची एअरबॅग उघडताना फुटून पत्र्याचे तुकडे उडू शकतात. फुकट बदलून देऊ."

"उद्याच आणतो."

"पार्ट अजून आलेला नाही सर. तोवर पुढे डावीकडे कोणाला बसवू नका."

डावीकडे माझी बायको बसते. रोज तिला वाशीला तिच्या कामावर सोडून मी पुढे जातो. दुसऱ्या दिवसापासून ती मागे बसू लागली. "ड्रायव्हर, एसी वाढवा," असंही म्हणून घेतलं तिनं.

आमच्या नेरुळच्या सोसायटीनं मात्र याचा वेगळा अर्थ काढला. खालच्या मजल्यावरच्या काकू मला लिफ्टमध्ये म्हणाल्या, "होतं असं संसारात. जास्त ताणू नका." मी एअरबॅगचं सांगायला लागलो, तर त्यांनी समजूतदारपणे मान हलवली.

सासूबाई जवळच, सारसोळ्याला राहतात. बातमी तिथं पोचलीच. रविवारी त्या कोलंबीचा डबा घेऊन आल्या आणि डबा ओट्यावर आदळला.

"माजे पोरीला मांगं का बशिवताव?"

"आई, एअरबॅग खराब आहे. म्हणजे गाडी कुठं धडकली की समोरून फुगा येतो ना, तो..."

"फुग्यापायी कोन बायकोला मांगं बशिवतं?"

"आये, खरंच सांगतायत ते," बायको म्हणाली.

"तू गप. तुला सगल्यांना सांभालून घ्यायची सवय हाय."

मी मोबाईलवर कंपनीचा मेसेज दाखवला. तो इंग्रजीत निघाला, त्यामुळे संशय वाढलाच. त्या गाडीची किल्ली उचलून तडक खाली पार्किंगमध्ये गेल्या, पुढे डावीकडच्या सीटवर बसल्या आणि बेल्टही लावला. "चला. फिरवा मना. बघू काय व्हतं."

"आई, उतरा."

"नाय उतरत."

वरच्या गॅलऱ्या भरल्या. मी विनवलं, हात जोडले, शेवटी माझा आवाजच चढला. "तुम्हाला काही झालं तर मी हिला काय तोंड दाखवू? उतरा म्हणतोय ना!"

सासूवर असा मी कधीच ओरडलो नव्हतो. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"एवढं घाबरताव?"

"हो."

"पोरीसाठी बी?"

"तिच्यासाठीच तर."

त्यांनी बेल्ट काढला आणि निमूट उतरल्या. जेवताना माझ्याच ताटात कोलंबी जास्त पडली.

मग मात्र त्यांनी सारसोळ्यात मोहीमच काढली. ज्याच्या दारात गाडी, त्याला गाठून विचारायच्या, "कंपनीला फोन केलास? फुगा बरा हाय काय?" लोक हसले. पण त्यांच्या धाकट्या भावानं कटकट टाळायला एकदाचा फोन लावला, तर त्याचीही गाडी यादीत निघाली. आता मामी मागे बसतात आणि मामांशी भांडण झालंय का, असं कोणी विचारलं तर सासूबाईच त्याला उभा करून एअरबॅग समजावतात. माझ्यापेक्षा बरी समजावतात.