ऑस्लाचा करडा रंग

ऑस्ला इसबिस्टरच्या स्वेटरना बाह्या जोडायचं काम मी तेवीस वर्षं केलं. ती रंग ठरवायची, नमुना काढायची, पाठ-पोट विणायची. गळा बंद करणं, धुऊन लाकडी चौकटीवर ताणून वाळवणं हे माझ्याकडे. आमची घरं स्कॉटलंडकडच्या येल बेटाच्या उत्तर टोकाला, मध्ये फक्त एक मेंढ्यांचं कुरण. तिच्याबद्दल मला सगळं ठाऊक आहे, असं मी आपली धरून चालले होते.

आमच्याकडे विणत नाही अशी बाई नाही, त्यामुळे विणणारीचं कुणी कौतुक करत नाही. नमुनेही सगळ्यांचे तेच: फुल्या, चांदण्या, नांगर. एका ओळीत दोनच रंग चालवायचे, तिसरा नाही. ऑस्लाचं वेगळेपण होतं ते दोन रंग कुठले, यात. एकोणिसाव्या वर्षी तिनं होणाऱ्या नवऱ्यासाठी, म्हणजे एर्टीसाठी, लग्नाचा स्वेटर विणला आणि लग्नाला तीन दिवस उरले असताना छातीपर्यंत उसवून टाकला. का, तर चांदणीमागचा तपकिरी रंग एक छटा लाल होता. एर्टी लग्नाला भावाचा स्वेटर घालून उभा राहिला. त्याचा स्वेटर पुढच्या महिन्यात पूर्ण झाला आणि त्यातली चांदणी अशी उठली होती की माझ्या आईनं तो हातात घेतला आणि बराच वेळ परतच दिला नाही.

अशी चाळीस वर्षं गेली. एर्टी फेरीबोटीवर कामाला, ती खिडकीशी. गिरणीतून उरलीसुरली लोकर ती गोणीनं आणायची, त्यामुळे गुंड्यांवर ना नाव ना नंबर. सगळं नजरेवर. गुंडे खिडकीत ओळीनं मांडायचे, चार पावलं मागं जायचं, डोळे बारीक करायचे, की झालं.

साठी आली आणि तिचे रंग बदलले. पूर्वी ती मेंढीच्या अंगच्या रंगांतच रमायची, आता तिच्या स्वेटरांत गडद जांभळा यायला लागला. नंतर त्याच्याजवळ मोरपंखी. मला पहिल्यांदा धक्काच बसला. ती म्हणाली, "नेटा, हा करडा बघ. असा करडा मला जन्मात मिळाला नव्हता."

मी गुंड्याकडे पाहिलं. चांगला पिकल्या जांभळासारखा. पण मी काय बोलणार? मला वाटलं, तिनं त्या रंगाला स्वतःचं नाव दिलं असेल. कलावंत माणसं देतात अशी नावं. मीही त्याला करडा म्हणायला लागले.

एडिंबरोच्या एका दुकानाच्या मालकीणबाई, कार्माइकलबाई, बेटावर आल्या, स्वेटर बघून मटकन खुर्चीतच बसल्या आणि सगळे घेऊन गेल्या. मग मासिकात फोटो आला आणि खाली लिहिलं होतं, 'उत्तरेच्या संध्याकाळचा जांभळा'. ऑस्लानं ते मला दोनदा वाचून दाखवलं. "शहरातली माणसं करड्याला जांभळा म्हणतात वाटतं," ती म्हणाली. मी हसले. मला वाटलं, ती गंमत करतेय.

आठ वर्षं हे असं चाललं. मग तिला सुईचं टोक दिसेना. लर्विक शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, जुना. आधी उजवा काढू, डावा तीन महिन्यांनी.

ऑपरेशन करून ती परत आली, त्याच्या चौथ्या दिवशी मी बॅनक, म्हणजे आमची जाड भाकरी, भाजून घेऊन गेले. ती स्वयंपाकघरात उभी होती आणि एक डोळा हातानं झाकून, मग दुसरा झाकून, भिंतीकडे बघत होती.

"या भिंती आम्ही पांढऱ्या रंगवल्या होत्या ना?"

"हो."

"मग या डोळ्यानं पांढऱ्या दिसतात आणि या डोळ्यानं चहा सांडल्यासारख्या. आणि माझ्या तोंडावर एवढ्या सुरकुत्या कधी आल्या? तू सांगायचं नाहीस होय गं?"

मग तिनं खुर्चीवरचा अर्धा विणलेला स्वेटर उचलला. "खरं सांग हं. हा कोणता रंग?"

"जांभळा," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच," मी म्हटलं.

ती खाली बसली. मग तिनं कपाट उघडलं आणि एकेक स्वेटर काढून टेबलावर टाकत गेली. उजवा डोळा झाकायचा, बघायचं. डावा झाकायचा, बघायचं. "यानं करडा. यानं जांभळा. यानं करडा... अगं, हे किती भडक आहे! जत्रेतल्या तंबूसारखं! आणि हे मी लोकांना घातलं?"

तेवढ्यात एर्टी आला. तिनं त्याला दारातच गाठलं. "तू चर्चला जो स्वेटर घालतोस, तो कसल्या रंगाचा आहे?"

एर्टीनं टोपी काढली, माझ्याकडे पाहिलं. "जांभळा."

"आणि आठ वर्षांत तुला बोलावंसं वाटलं नाही?"

"मला वाटलं, तुझ्या मनात काहीतरी असेल. बोटीवरची पोरं मला बिशपसाहेब म्हणतात, बिशपचा झगा जांभळा असतो ना. म्हटलं, म्हणू देत. बायकोनं केलाय."

मला हसू आवरेना. ऑस्ला हसली नाही. तिनं त्याच्या गालावर हात ठेवला आणि रडायलाच लागली. कशासाठी, ते तिलाही सांगता येईना. फसवलं असं म्हणावं, तर फसवलं कुणी? चुकलं म्हणावं, तर सगळे वाहवा करत होते.

कार्माइकलबाईंनी हिवाळ्यासाठी बारा स्वेटर मागितले होते, तेच रंग, तसेच. ऑस्लानं पहिला विणला तो नव्या डोळ्यानं. खराखुरा करडा, तपकिरी, सायीचा पांढरा. माझ्या मते अप्रतिम. कार्माइकलबाईंचा फोन आला. "छानच आहे हो, पण यात ऑस्ला कुठे आहे?"

"मी इथेच आहे की," ऑस्ला म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "नेटा, ती जिच्याबद्दल विचारते ती ऑस्ला कोण गं? मी तिला ओळखत नाही. तिला दिसत नव्हतं, एवढंच मला माहीत आहे."

मग तिनं उजव्या डोळ्यावर रुमाल बांधला आणि डाव्यानं रंग जुळवायला बसली. दुपारभर बसली. संध्याकाळी रुमाल सोडून पाहिलं आणि म्हणाली, "हे चोरी केल्यासारखं वाटतंय. पण कोणाचं चोरलं?" दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधला. मी बघायला गेले, तर एक डोळा बांधून, जीभ दातात धरून ती गुंडे सरकवत होती. रुमालाच्या खालचा चेहरा मात्र सुखात होता, हे मी शपथेवर सांगते.

डाव्या डोळ्याची तारीख आली. ती गेली नाही. सर्दी झाल्याचं कळवलं. एर्टी मला कुरणाच्या कुंपणाशी गाठून म्हणाला, "तू समजाव तिला. काल पायरी चुकली, पडता पडता वाचली. दोन डोळे दोन गोष्टी सांगतात, मधल्या मध्ये ती आदळायची."

मी समजवायला गेले. ती म्हणाली, "हा डोळा गेला, की ते रंग बघणारं कुणीच उरणार नाही. तुम्ही सगळे जांभळा बघता. मी जे विणलं, ते माझ्याशिवाय कुणी पाहिलेलंच नाही."

मी चहा केला.

बारा स्वेटर रुमाल बांधूनच पूर्ण झाले. मी बाह्या लावल्या, पेटी बोटीवर गेली. त्यानंतर तिनं आपणहून नवी तारीख घेतली. मी का ते विचारलं नाही. सोबत मात्र गेले. बोटीवर ती एका डोळ्यानं समुद्र बघत होती, मग दुसऱ्यानं. कोणता आवडला, सांगितलं नाही.

आता तिला दोन्ही डोळ्यांनी एकच दिसतं. कार्माइकलबाईंनी आणखी बारा मागितले, तर तिनं नाही म्हणून कळवलं. वर्षभर सुया हातात धरल्या नाहीत. एर्टीला नवा स्वेटर विणून देते म्हणाली, तर तो म्हणाला, "आहे तोच बरा आहे."

या वसंतात तिनं काहीतरी सुरू केलंय. हिरवा आणि एक मातकट गुलाबी. असे दोन रंग शेजारी तिनं कधीच घातले नव्हते, ना पहिल्या चाळीस वर्षांत, ना नंतरच्या आठ. तीनदा उसवलंय. परवा गेले, तेव्हा काखेपर्यंत आलं होतं. तिनं हातातलं काम पुढं धरलं, मी पाहिलं. ते मला आवडलं की नाही, हे अजून माझं ठरत नाहीये. बाह्या कधी लावायच्या तेवढं विचारलं आणि घरी आले.